कोळीवाड्याच्या आठवणी गोळा करताना घराबद्दल शेवटी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वरळी कोळीवाड्यात तुम्ही वाढलात, आजीच्या पिढीतली माणसं एकेक करून जाताहेत, म्हणून मोबाईल घेऊन त्यांच्या आठवणी नोंदवायला लागलात. पण जो तो तेच सांगतो. पूर्वी समुद्र दारात होता, म्हावरा मुबलक होता, माणसं जीव लावणारी होती, आता काही राहिलं नाही. वीस मिनिटांत गप्पा आटपतात. मग विचारायचं काय, आणि एवढं करून भावनेपलीकडे हातात काही पडतं का?

पडतं. किनाऱ्यावरच्या वस्त्यांचे नकाशे आणि तिथल्या लोकांच्या तोंडी आठवणी नोंदवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्या भरवशावर सांगते. फक्त प्रश्न बदलावा लागेल. ‘पूर्वी कसं होतं?’ या प्रश्नाला माणूस नेहमी एका वाक्यात उत्तर देतो, आणि ते वाक्य त्यानं आधी दहा जणांना सांगितलेलं असतं. त्याऐवजी कामाबद्दल विचारा, आणि ते काम नेमकं कुठे बसून, कुठल्या जमिनीवर, कुठल्या पाण्यात व्हायचं ते विचारा. घर, सण, गाणी सगळ्यात शेवटी. सणाचं शूटिंग नारळी पौर्णिमेला सगळी मुंबई येऊन करते, त्यात तुमची भर नको.

कामाबद्दलच का, तर कोळीवाड्याचा निम्मा भाग हा घरांच्या बाहेर असतो. होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी पसरायची जागा, मासळी सुकवायची खळी, बंदरावर उतरायची वाट, खाडीतून बाहेर पडायचा पाण्यातला रस्ता, आणि डोल, म्हणजे ओढीच्या पाण्यात लावायचं पिशवीसारखं जाळं, बांधायचे खुंट. घराला निदान मालमत्ता पत्रक असतं, लाईटचं बिल असतं. या बाकीच्या जागांना कित्येकदा कुणाचंच नाव नसतं, नाहीतर सरकारचं असतं. वस्ती बदलताना पहिला घाव बसतो तो यांच्यावर. घर पाडायला नोटीस लागते. खळ्याच्या कडेला भराव पडायला लागला की वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

बोंबील सुकवायची वलांडी घ्या. बांबू रोवून, त्यांना आडवे दोर ताणलेले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. वाऱ्याला अंग लागेल अशीच वलांडी उभी करावी लागते, त्यामुळे ती कुठेही चालत नाही. जवळा मात्र जमिनीवर पसरतात, तोही सारखा हलवावा लागतो. आता एखाद्या आजीला ‘तुमच्या वेळी बोंबील कुठे सुकायचे?’ एवढं विचारा आणि मग धागा सोडू नका. वलांडी कुणाकुणाच्या होत्या? तुमचे दोर कुठून कुठपर्यंत? शेजारणीचे आणि तुमचे यांच्यात हद्द कशी ओळखायची? जागा सासूकडून सुनेकडे यायची की दरवर्षी वाटप व्हायचं, आणि वाटप कोण करायचं? कावळे हाकायला कुणाला बसवायचे? पावसाआधी बांबू उपटून कुठे रचायचे? एवढ्यात तासभर जातो, आणि त्या तासात जमिनीच्या एका तुकड्याचा वापर, वहिवाट, वारसा आणि गावकीचा कारभार सगळा येऊन जातो. आजीला मात्र आपण नुसते बोंबलांबद्दल बोललो असंच वाटत असतं.

जाळ्यांचंही तसंच. नायलॉन यायच्या आधी जाळी सुती किंवा तागाची असायची. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची आणि पसरून वाळवायची, तेही पुन्हापुन्हा. म्हणजे मोठाली भांडी, चूल, लाकूडफाटा आणि भरपूर मोकळी जमीन. पन्नास-साठच्या दशकांत नायलॉन आलं, होड्यांना इंजिनं बसली, पुढे बर्फ मिळायला लागला तशी ओली मासळी थेट बाजारात जायला लागली. प्रत्येक सुधारणेबरोबर थोडी जमीन ‘रिकामी’ झाली. ती कधी गावाच्या लग्नांना लागली, कधी भावकीतल्या खोल्यांना, कधी बाहेरच्यांच्या झोपड्यांना. हा क्रम कुठल्याच दप्तरात सापडत नाही. तो फक्त माणसांना आठवतो, आणि तोही नीट विचारलं तरच.

‘रिकामी’ या दिसण्यातच सगळा घोटाळा आहे. पावसाळ्यात खळ्यावर वलांडी नसते, बंदरात हालचाल नसते. त्या महिन्यांत कुणी फोटो काढला तर जागा ओसाडच दिसणार. हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अलास्कात, जुनोच्या समोरच्या बेटावर डग्लस म्हणून गाव आहे. तिथे त्लिंगित लोकांची समुद्रकाठची जुनी वस्ती होती. 1962 साली नगरपालिकेला होड्यांसाठी बंदर हवं होतं, म्हणून तिनं ती घरं जाळून टाकली. उन्हाळ्याचे दिवस होते, बरीच कुटुंबं नेहमीप्रमाणे मासेमारीच्या मुक्कामावर गेलेली. हंगामासाठी बंद केलेलं घर आणि सोडून दिलेलं घर यातला फरक बाहेरच्या माणसाला दिसत नाही, किंवा दिसला तरी सोयीचा नसतो. म्हणून तुमच्या प्रत्येक नोंदीत जागेच्या नावापुढे महिना हवाच. हे खळं कुठल्या महिन्यात काय होतं? मार्गशीर्षात काय, चैत्रात काय, आषाढात काय?

आता उपयोगाचं बोलू. 6 जानेवारी 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांबद्दल स्वतंत्र तरतूद आली. 1981 च्या विकास आराखड्यात किंवा राज्याच्या संबंधित अभिलेखात दाखवलेले कोळीवाडे मोजून सीआरझेड-3 या वर्गात जाहीर करावेत, असं तिच्यात होतं. त्याच अधिसूचनेत किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांबद्दल जे लिहिलं होतं ते तुमच्या कामाचं. मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक मालकीच्या जागा, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, मासे सुकवायच्या जागा, हे सगळं गावनकाशाच्या मापावर दाखवायचं. मासेमारीची क्षेत्रंही दाखवायची. म्हणजे नकाशात खळं नसेल तर ‘का नाही?’ असं विचारायचा आधार त्या अधिसूचनेतच होता. 2019 मध्ये तिच्या जागी नवी अधिसूचना आली, म्हणून आजचे नेमके शब्द तिच्यातून पाहून घ्या. पण विचारायला जाताना ‘आमच्या पूर्वजांपासून’ एवढं पुरत नाही. कुठून कुठपर्यंत, कुणाचं, कधीपासून, कोण सांगतंय, आणि तेच आणखी कोण सांगतंय, एवढं लागतं. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा घोळ किती वर्षं चाललाय ते तुम्ही घरात ऐकतच असाल. वाडा की झोपडपट्टी, हा वाद सायन कोळीवाड्यानंही भोगला, तुमच्याकडेही झाला. असल्या वेळी घरं मोजायला सगळे धावतात. उघड्या जमिनीची नोंद घेऊन कुणी उभं राहत नाही.

उरणकडचं उदाहरण माहीत असू द्या. तिथल्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदर आणि भरावांमुळे खाडीचा प्रवाह आणि आपली मासेमारीची वाट अडली म्हणून हरित लवादाकडे दाद मागितली. 2015 मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठानं 1,630 कुटुंबांना 95.19 कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी ती द्यायची होती. पुढची कोर्टबाजी वेगळी, तिच्यात शिरत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की इथे कोण मासे मारत होतं, कुठल्या पाण्यानं जा-ये करत होतं, हा प्रश्न अशा ठिकाणी रुपयांत मोजला जातो. तेव्हा आठवण ही निव्वळ आठवण राहत नाही.

तुमच्या वाड्यात तर हे ताजंच आहे. कोस्टल रोडच्या पुलाखालून क्लीव्हलँड बंदरातल्या होड्या बाहेर पडणार, आणि खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलेलं. कागदावर होडीची रुंदी धरून हिशेब केला तर 60 मीटर ऐसपैस वाटतात. पण आत खडक कुठे आहेत, ओहोटीला पाणी कुठे खेचतं, वारा आडवा लागला की होडी किती वाहवते, दोन होड्या समोरासमोर आल्या तर काय, हे तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याला, ठाऊक. आंदोलन झालं, काम अडलं, आणि शेवटी एक खांब काढून तिथलं अंतर 120 मीटर करायचं ठरलं. मागणी त्याहून जास्तीची होती, पण 60 वरून 120 वर गाडी आली ती त्या अनुभवाच्या जोरावर. हा अनुभव आधीच नोंदवलेला असता, वाड्याच्या हातात पाण्यातल्या वाटेचा स्वतःचा नकाशा असता, तर बोलणी पहिल्या दिवसापासून वेगळी झाली असती असं माझं मत आहे.

इथे एक प्रश्न सुचवते, जो मी कुठल्याही वस्तीत पुरुषांना आवर्जून विचारते. दर्यातून वाडा कसा दिसायचा? जीपीएस यायच्या आधी मासेमारीची जागा खुणांवरून सापडवायचे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसरीकडच्या आणखी दोन एका रेषेत आणायच्या, दोन्ही रेषा जिथे छेदतील तिथे आपली जागा. मग तुम्हाला किल्ल्याचा बुरूज ऐकायला मिळेल, गोल्फादेवीची टेकडी, हाजीअली, गिरणगावातल्या चिमण्या, रात्रीचा प्रोंग्ज दीपगृहाचा दिवा. चिमण्या कधी दिसेनाशा झाल्या ते विचारा. 1982 चा गिरणी संप आपण कामगारांच्या बाजूनं वाचलेला असतो. दर्यावरच्या माणसाला त्याचं पुढचं टोक दिसलं ते असं, की चिमणी पडली, तिच्यापुढे टॉवर आला आणि बापानं शिकवलेली रेष मोडली. 2009 साली वांद्रे-वरळी सी लिंक सुरू झाला तेव्हा काहींनी त्याच्याच उंच खांबाची नवी खूण करून टाकली. पुलाला शिव्याही देतात आणि त्यावरून रेषही धरतात. दोन्ही लिहून घ्या.

पाण्याबद्दल विचारताना तारखा नकोत, तिथी विचारा. हिशेब तुम्हाला घरात कुणीतरी शिकवला असेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता ते निघतं. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला, पुनवेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. दिवसा तशीच रात्री, थोड्या फरकानं. याचा नोंदीला फार उपयोग होतो. समजा कुणी म्हणालं, होळीच्या रात्री पाणी देवळाच्या पायरीला लागायचं. होळी पुनवेची, उधाण आणि मध्यरात्रीची भरती, म्हणजे बोलणं जुळतं. तेच कुणी अष्टमीच्या दुपारचं सांगितलं तर शंका घ्यायला जागा आहे, कारण अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोर नसतो आणि दुपारी बाराला ओहोटी. त्यांना तोंडावर खोडू नका. ‘कुठला सण जवळ होता?’ एवढं विचारा, माणूस आपणच तिथी सुधारतो. डोलीचं सगळं गणितही याच उधाण-भांगावर. ओढीच्या तोंडाला जाळं लावायचं, पाणी थांबलं की उचलायचं. त्यामुळे डोलकराला महिन्याचा कुठला आठवडा कसा गेला हे तीस वर्षांनंतरही तिथीवरून सांगता येतं.

साल विचारायच्या भानगडीतही पडू नका. साल विचारलं की म्हातारं माणूस गडबडतं, मग अंदाजे ठोकून देतं आणि पुढे त्यालाच धरून बसतं. त्याऐवजी सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनांच्या आधीचं की नंतरचं, ते विचारा. रामदास बोट बुडाली, 17 जुलै 1947, ती खूप जुन्या माणसांनी निदान आईबापांकडून ऐकलेली असते. गोदीतला स्फोट 1944 चा. कोयनेचा भूकंप 1967 चा. मग गिरणी संप, 26 जुलै 2005 चा पाऊस, 26 नोव्हेंबर 2008 चा दहशतवादी हल्ला. ते हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले, आणि त्यानंतर मच्छीमारांची ओळखपत्रं, बोटींना राज्याप्रमाणे ठरलेला रंग, तपासण्या असं बरंच काही सुरू झालं. पण सगळ्यात उपयोगी घटना घरातल्या असतात. थोरलीचं लग्न, पहिलं इंजिन, नवी होडी पाण्यात सोडली ते वर्ष. होडीची नोंदणी आणि लग्नपत्रिका यावरून साल नंतर शांतपणे काढता येतं.

बायकांशी वेगळं बोला, आणि आधी बोला. पुरुष दर्याबद्दल बोलतात, बायका जमिनीबद्दल आणि पैशाबद्दल. म्हावरा बंदरावर उतरला की पुढचा सगळा कारभार बाईचा. कुठल्या बाजारात बसायच्या, ती जागा कुणाकडून आली, पाटी डोक्यावर घेऊन किती वाजता निघायच्या, ट्राम की बस की चालत, कंडक्टर चढू द्यायचा का, लोकलच्या डब्यात कुठे बसायच्या, उधारी कुणाला द्यायच्या. वस्तीचा नकाशा वाड्याच्या वेशीवर संपत नाही. तो दादर-क्रॉफर्ड मार्केटच्या ओट्यांपर्यंत जातो, आणि तो टोकाचा भाग फक्त बायकांना ठाऊक. बाजार हलला, मंडईची इमारत धोकादायक ठरली, ओटा गेला, की वाड्यातलं एक घर कोसळल्याइतकाच फरक पडतो, पण ‘कोळीवाडा बदलला’ म्हणताना तो कुणी मोजत नाही.

नकाशा कसा काढून घ्यायचा ते एका उदाहरणानं सांगते. उत्तरेकडच्या एका वाड्यात आम्ही एका आजींपुढे सिटी सर्व्हेचा नकाशा ठेवला. त्या पाहत बसल्या, काही बोलेनात. मग नकाशा फिरवून समुद्र त्यांच्या पायांकडे आणला, तरी नाही. शेवटी त्यांनीच तो बाजूला सारला, पानाच्या डब्यातून सुपाऱ्या काढल्या आणि ओट्यावर मांडायला लागल्या. ही विहीर, हे देऊळ, हे नाखव्याचं घर. मग बोटाला चुना लावून एक रेघ ओढली, रोजच्या भरतीची. तिच्या आत दुसरी, वाकडी, श्रावणातल्या उधाणाची. दोन रेघांच्या मधली जागा दाखवून म्हणाल्या, हिथं कुणी बांधायचं नाही, हिथं होड्या. ती सगळी पट्टी आज पक्क्या बांधकामाखाली आहे. आम्ही त्या मांडणीचा वरून फोटो काढला, सुपाऱ्यांना आकडे दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाबरोबर चालत जाऊन विहीर ते देऊळ असं अंतर टेपनं मोजलं. विहीर आणि देऊळ अजून जागेवर होते, म्हणून बाकीच्या खुणा त्यांच्या आधारानं खऱ्या नकाशावर बसवता आल्या. तुम्हीही असंच करा. आज जागेवर असलेल्या निदान दोन गोष्टी त्यांच्या मांडणीत आल्याच पाहिजेत, नाहीतर नंतर काहीच बसवता येत नाही. वरळीत किल्ला, देऊळ, क्रूस, जुनी विहीर असं काही ना काही मिळेलच. भरतीची रेघ मात्र प्रत्येकाकडून वेगळी काढून घ्या. पाच जणांच्या पाच रेघा एकमेकींवर ठेवल्या की पाणी खरोखर कुठवर यायचं ते आपोआप कळतं. आताच्या साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी जाऊन पाणी आज कुठे येतं ते पाहून ठेवा.

सगळे ‘पूर्वी छान होतं’ म्हणतात, त्याचंही काही करायला हवं. ते खोटं बोलत नसतात. पण त्याच पूर्वीत शौचालय नव्हतं, पाण्याला रांगा होत्या, व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले की मासळी त्याच्याच भावात घालायची होती, आणि दर्यात गेलेला माणूस कधीकधी परत यायचा नाही. हे आपणहून कुणी सांगत नाही. ‘घरात पैसे संपले की कुणाकडे जायचात?’ हा एक प्रश्न पुरतो. आणि बदलाबद्दल एका घरात दोन मतं असतात, ती एकत्र करून गुळगुळीत करू नका. आजोबा म्हणतील रस्त्यानं बंदर खाल्लं. सून म्हणेल रस्ता आला म्हणून पोराला शाळेत वेळेवर सोडता येतं, बाळंतपणाला गाडी दारात येते. नातू म्हणेल मला होडीवर जायचंच नाही. तिघांचं स्वतंत्र, तिघांच्या शब्दांत. पुढे ही नोंद कुणी वापरायला घेतली आणि त्यात एकच सूर दिसला तर समोरचा वकील पाच मिनिटांत ती फाडून टाकेल.

आज होड्यांवर कोण आहे तेही बघा. मुंबईच्या बोटींवरचे खलाशी पुष्कळदा बाहेरचे असतात, रत्नागिरीकडचे, उत्तर प्रदेशातले, बिहार-झारखंडचे, नेपाळचेही. बदलत्या वाड्याची गोष्ट सांगायची आणि जो वर्षातले आठ-नऊ महिने त्याच बंदरावर झोपतो त्याला वगळायचं, हे मला पटत नाही. घरचे नाराज होतील, होऊ द्या. खडक कुठे आहेत आणि ओढ कुठे आहे हे आता त्यालाही तितकंच ठाऊक आहे.

ज्या वाड्यांपुढचा समुद्रच गेला तिथे काय उरतं, असं कुणी विचारलं तर मांडवी आणि धारावी बघून या. मांडवी कोळीवाडा मशीद बंदर स्टेशनाजवळ इमारतींच्या गराड्यात आहे. एकोणिसाव्या शतकात बंदराचे भराव पडत गेले, पोर्ट ट्रस्ट आला 1873 साली, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, आणि पाणी लांब गेलं. धारावीला 1909 च्या गॅझेटियरनं मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत गणलं होतं. आज धारावी म्हटल्यावर कोळी कुणाला आठवतो? आणि सायन कोळीवाड्याचं नाव देशभरच्या हॉटेलांच्या मेनूवर पोहोचलं ते तळलेल्या कोलंबीमुळे, तीही फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाब्यांच्या हातची. या तिन्ही ठिकाणी खळं कुठे होतं, होडी कुठे लागायची, ते नेमकं बोट ठेवून दाखवणारा माणूस शोधायला आता फार हिंडावं लागतं. वरळीत अजून तसा माणूस प्रत्येक गल्लीत आहे. म्हणून घाई करा असं म्हणते.

आता सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी. मासेमारीच्या नेमक्या जागा आणि खुंटांचे हक्क इंटरनेटवर टाकू नका. ती त्या घराची पुंजी आहे, आणि ट्रॉलरवाला तुमचा नकाशा बघून तिथे जाळं ओढेल. खाडीतून आत यायच्या अवघड वाटांचं तेच, तिथे सुरक्षेचाही प्रश्न आहे. भावकीतल्या जागेच्या भांडणात कुणी काही बोललं तर तो भाग वेगळा काढून ठेवा, त्या माणसाला ऐकवा, तो म्हणेल तरच बाकीच्यांना दाखवा. संमती लेखी घ्या, पण सहीपेक्षा एक गोष्ट जास्त कामाची. रेकॉर्डिंग पुन्हा त्यांच्या घरी नेऊन सगळ्यांदेखत ऐकवायचं. ऐकताना शेजारची बाई हमखास म्हणते, ‘अगं, ते तसं नव्हतं’, आणि खरी मुलाखत तिथून पुढे होते. तेव्हाही मोबाईल चालू ठेवा.

उतरवून काढताना भाषा सरळ करू नका. कोळी बोलीत जे जसं आलं तसंच लिहा. प्रमाण मराठीत हवं तर शेजारच्या रकान्यात सारांश द्या. वाऱ्यांची, चिखलाच्या प्रकारांची, पाण्याच्या रंगाची नावं तुम्हाला कळली नाहीत तरी ऐकली तशी टिपा. एक प्रत घरच्यांना, एक मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात, एक तुमच्याकडे. फाईलच्या नावात माणसाचं नाव, तिथी आणि तारीख. आवाजासाठी शे-पाचशेचा कॉलरला लावायचा माईक घ्या, कारण बंदरावरच्या वाऱ्यात मोबाईलला फक्त घोंघावणं ऐकू येतं.

सुरुवात कधी करायची तेही सांगून टाकते. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल घरी असतो, ओट्यावर जाळी शिवत बसलेला असतो आणि हात कामात असले की तोंड मोकळं सुटतं. मे महिन्यात कुणाकुणाशी बोलायचं त्याची यादी करा, वयानं सगळ्यात मोठ्यांची नावं वर. जूनमध्ये बायकांपासून सुरू करा. ऑगस्टच्या आत जेवढं होईल तेवढं उरका, होड्या एकदा पाण्यात गेल्या की दिवाळीपर्यंत तुमच्याशी बोलायला कुणालाही फुरसत नसेल.